वाचकांचे प्रश्न : स्तनाच्या कर्करोगात आधी काय, मग काय

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओझरते लिहून गेलो होतो की, कमी साधनांच्या देशांसाठी स्तनाच्या कर्करोगाच्या निदानाचे आणि उपचारांचे निकष वेगळ्या पद्धतीने आखलेले आहेत. त्या एका वाक्याने बऱ्याच जणांना अस्वस्थ केलेले दिसते, कारण या महिन्यातील बहुतेक पत्रे त्याच विषयावरची आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि जागेअभावी मजकूर थोडा आवरला आहे.

प्रश्न (जत तालुका, जि. सांगली) : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमच्या भागातील चार गावांनी मिळून, गणेशोत्सवाच्या शिल्लक वर्गणीतून आणि मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या गावकऱ्यांच्या देणग्यांतून, आरोग्यासाठी काही रक्कम जमवली आहे. दोन वर्षांत आमच्याकडील तीन बायका या आजाराने गेल्या, म्हणून मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचे, यंत्र घ्यावे असा बहुतेकांचा आग्रह आहे. तुम्ही मात्र कमी साधनांसाठी वेगळे निकष असतात असे लिहिता. मुंबईच्या बाईला एक न्याय आणि जतच्या बाईला दुसरा, असाच याचा अर्थ होत नाही का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातील राग रास्त आहे, म्हणून यंत्राचे नंतर पाहू आणि आधी न्याय-अन्यायाचे बोलू. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार जगात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. भारतात त्याच वर्षी नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार होते आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. म्हणजे जगभरात दहा नव्या रुग्णांमागे साधारण तीन मृत्यू होतात, तर आपल्याकडे पाच. आजार तोच, औषधेही बहुतांशी तीच, आणि तरीही एवढा फरक पडतो. अन्याय आहे तो येथे, आणि वेगळे निकष आखले गेले ते हा फरक कमी करण्यासाठी.

श्रीमंत देशांतील मार्गदर्शक तत्त्वे वाचली तर ध्यानात येते की, ती लिहिणाऱ्याने सगळे काही हाताशी आहे असे गृहीतच धरलेले असते. ज्या गावी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा तपासून निदान करणारा डॉक्टर, आठवड्यातून एकदा येतो, तेथे त्यांतील कोणते वाक्य आधी पाळायचे, हे ती सांगत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी २००२ मध्ये सिएटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्र आणि सुझन जी. कोमेन ही संस्था यांच्या पुढाकाराने ‘ब्रेस्ट हेल्थ ग्लोबल इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू झाला. शल्यविशारद डॉ. बेंजामिन अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी साधनांनुसार चार पायऱ्या ठरवल्या : पायाभूत, मर्यादित, वाढीव आणि सर्वोच्च. पायाभूत पायरीवर हाताने केलेली नीट तपासणी, गाठीच्या पेशींची तपासणी करून झालेले पक्के निदान, स्तन व काखेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया, हार्मोन रिसेप्टरची स्थिती (गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का) कळण्याची काही ना काही सोय आणि अशा गाठीवर चालणारी टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी, एवढे असावेच लागते. पुढच्या पायऱ्यांवर सोनोग्राफी, गाठ जाणवलेल्या स्त्रीसाठी मॅमोग्राफी, किरणोपचार, अधिक प्रभावी केमोथेरपी अशी भर पडत जाते. कोणतेही लक्षण नसलेल्या सर्व स्त्रियांची ठरावीक काळाने मॅमोग्राफी करणे मात्र अगदी शेवटच्या पायरीवर ठेवलेले आहे.

या पायऱ्या रुग्णाची ऐपत पाहून ठरवलेल्या नाहीत. त्या आरोग्यव्यवस्थेच्या आहेत, आणि खालची भक्कम झाल्याशिवाय वरचीचा उपयोग नाही, एवढेच त्यांत सांगितले आहे. तुमच्या तालुक्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. विहिरीला पाणी आहे का हे न पाहता आधी ठिबकच्या नळ्या अंथरणारा माणूस जतमध्ये सापडणार नाही. स्तन राखून केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया ऐकायला आधुनिक वाटते, परंतु त्यानंतर जिला किरणोपचार मिळणारच नाहीत तिच्यावर ती करणे हा धोका आहे, आणि अशा ठिकाणी पूर्ण स्तन काढण्याची जुनी शस्त्रक्रियाच अधिक चांगला उपचार ठरते. शिवाय एकाच जिल्ह्यात दोन पायऱ्या शेजारी शेजारी नांदतात, हेही विसरू नये. मिरजेत कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये आहेत आणि जतच्या पूर्वेकडील वाडीवरून तेथे पोहोचायला दिवस मोडतो. म्हणून जतसाठी निकष आखताना जतला काय असावे, याबरोबरच जतहून मिरजेला काय, कधी आणि कोणत्या कागदासह पाठवावे, हेही ठरवावे लागते.

आता यंत्राविषयी माझे मत स्पष्ट सांगतो : घेऊ नका. आपल्या देशात वर्षाला दर लाख स्त्रियांमागे या आजाराच्या साधारण सव्वीस-सत्तावीस नव्या रुग्णा आढळतात, तर उत्तर अमेरिकेत हा दर नव्वदच्या वर आहे. साहजिकच तेवढ्याच स्त्रियांची मॅमोग्राफी केली तर आपल्याकडे फार थोड्या जणींत आजार सापडतो. त्यात आपल्या रुग्णा सरासरीने तरुण असतात, आणि तरुण वयात स्तनाची ऊती दाट असल्याने चित्रात गाठ लपते. चित्र वाचणारा रेडिओलॉजिस्ट हवा, यंत्राची नियमित तपासणी हवी, संशय आल्यास त्याच जागेतून तुकडा घेण्याची सोय हवी आणि दर दोनेक वर्षांनी त्याच स्त्रिया पुन्हा यायला हव्यात. यातले काही नसेल तर उद्घाटनाचा हार वाळेपर्यंत यंत्र चालते आणि पुढे त्यावर कापड घातले जाते. असे कापड मी पाहिलेले आहे.

मग त्या रकमेचे काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जो जागतिक कार्यक्रम सुरू केला, त्याचे उद्दिष्ट मृत्युदर दरवर्षी अडीच टक्क्यांनी खाली आणून २०४० पर्यंत २५ लाख मृत्यू टाळण्याचे आहे, आणि त्यासाठी तीन आकडे दिलेले आहेत : साठ, साठ, ऐंशी. साठ टक्क्यांहून अधिक रुग्णांचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेतच, म्हणजे आजार फार पसरण्याआधीच, व्हावे, स्त्री तक्रार घेऊन आल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान पक्के व्हावे आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक जणींनी ठरलेला उपचार पूर्ण करावा. तीनही आकड्यांत यंत्राचे नाव कोठेही नाही, हे पाहण्यासारखे आहे. तुमच्या चार गावांसाठी मी एवढेच सुचवीन की, एक वही घाला. गाठ असलेल्या प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे चार तारखा लिहा : तिने पहिल्यांदा दाखवले ती, तुकडा काढला ती, रिपोर्ट हाती आला ती आणि उपचार सुरू झाला ती. कोणत्या दोन तारखांमध्ये महिने गळतात हे वर्षभरात उघड होईल, आणि पैसा तेथे घालता येईल. माझा अंदाज असा की, तो प्रवासभाड्यावर, सोबत जाणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या रोजावर आणि निदानापूर्वीच्या तपासण्यांवर खर्च होईल, कारण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन होत असले तरी योजनेचे दार मुख्यतः निदानाचा कागद हाती आल्यावरच उघडते.

त्या वहीतही एक तारीख निसटेल, ती म्हणजे गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती. आंघोळीच्या वेळी लागलेली गाठ घरात सांगायला आपल्याकडे कितीतरी महिने जातात, आणि विचारले तर उत्तर ठरलेले असते : “दुखत नव्हती, म्हणून राहू दिली.” हा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तुमच्या गावात भिंतीवर काही रंगवायचेच असेल तर हे एक वाक्य रंगवा.

प्रश्न (सातारा) : माझ्या आईच्या (वय ५२) डाव्या स्तनातील गाठ गावाजवळील एका नर्सिंग होममध्ये काढण्यात आली. रिपोर्टमध्ये ‘इन्फिल्ट्रेटिंग डक्ट कार्सिनोमा’ एवढेच लिहिले आहे. आता पुण्यातील डॉक्टर ‘ब्लॉक’ घेऊन या म्हणतात आणि ईआर, पीआर व हर-टू अशा तीन तपासण्या सांगतात. शिवाय पुन्हा शस्त्रक्रिया लागेल असेही म्हणतात. आमचे नातेवाईक म्हणतात की, आधी सुई घातली नाही हे बरेच झाले, नाहीतर आजार पसरला असता. खरे काय समजावे?

उत्तर : नातेवाईकांच्या बोलण्यापासून सुरुवात करतो, कारण त्या समजुतीमुळे फार नुकसान झालेले मी पाहिले आहे. सुईने तुकडा घेतल्याने स्तनाचा कर्करोग पसरत नाही. संशयास्पद गाठीची आधी हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि त्यानंतर जाड सुईने, म्हणजे ट्रू-कट पद्धतीने, तुकडा घेऊन त्याचा रिपोर्ट, हा क्रम जगभर मान्य आहे. या तिहेरी तपासणीनंतरच शस्त्रक्रिया आधी करायची की केमोथेरपी, स्तन राखता येईल का आणि काखेतील गाठींचे काय करायचे, हे ठरवता येते. निदान न करताच गाठ कापून काढली की गाठीच्या कडेला आजार उरला आहे का हे कळत नाही, काखेची तपासणी राहून जाते, आणि तुमच्या आईंप्रमाणे दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेची वेळ येते. पुण्यातील डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. काड्यापेटीहून लहान असा हा मेणाचा चौकोन पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो आणि त्याचे पापुद्रे कापून नव्या तपासण्या पुढे कित्येक वर्षांनीही करता येतात. ज्या प्रयोगशाळेने रिपोर्ट दिला तेथे अर्ज करून ब्लॉक आणि काचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पट्ट्या) दोन्ही मागून घ्याव्यात, आणि नेताना उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत, कारण मेण वितळते. ईआर आणि पीआर या तपासण्यांवरून गाठीच्या पेशी स्त्री-हार्मोनवर वाढतात का हे कळते. एक टक्का पेशींमध्येही ईआर दिसले तरी ती गाठ ‘पॉझिटिव्ह’ धरतात आणि टॅमॉक्सिफेन किंवा त्यासारख्या गोळीचा मार्ग मोकळा होतो. हर-टू या प्रथिनाचे प्रमाण जास्त, म्हणजे पॉझिटिव्ह, आले तर ट्रास्टुझुमॅब या औषधाचा विचार होतो. या तपासण्यांवाचून औषध ठरवणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय, म्हणून नुसते ‘कार्सिनोमा’ (म्हणजे कर्करोग) एवढा शब्द असलेला रिपोर्ट आजच्या निकषाने अपुरा आहे.

परंतु तपासणी केली म्हणजे ती खरी आलीच, असे नाही, आणि ज्यावर सर्वांत कमी बोलले जाते ते येथेच घडते. गाठ शरीरातून निघाल्यापासून तासाभराच्या आत ती दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना सडू न देणाऱ्या द्रावणात, पडली पाहिजे. फॉर्मालिन गाठीच्या आकारमानाच्या दहापट तरी हवे. नमुना मोठा असेल तर पावाचे काप करावेत तसे त्याला छेद द्यायला हवेत, कारण फॉर्मालिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. आणि तेथे तो सहा तासांहून कमी नाही व बहात्तर तासांहून जास्त नाही इतका वेळ राहिला पाहिजे. उमेदवारीच्या काळात मी एका लहान रुग्णालयात काम करीत होतो. तेथे शनिवारी संध्याकाळी काढलेला संपूर्ण स्तन एका प्लास्टिकच्या बरणीत दाबून बसवला होता आणि वरून फॉर्मालिन ओतले होते ते जेमतेम दोन बोटे. सोमवारी दुपारी पॅथॉलॉजिस्टबाईंनी तो माझ्यासमोर कापला तेव्हा बाहेरची कड करडी आणि कडक झालेली होती, आतला भाग लालसर, मऊ आणि वास मारणारा होता. त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली आणि काही न बोलता हात धुवायला गेल्या. त्या काळी आमच्याकडे ईआर तपासणी होत नव्हती. आज तशाच बरणीतील नमुन्यावर ती केली तर पेशी सडलेल्या असल्यामुळे उत्तर ‘निगेटिव्ह’ येण्याचा धोका असतो, आणि जिला रोजच्या एका गोळीने लाभ झाला असता अशी स्त्री त्या गोळीला मुकते. नमुना एकदा असा बिघडला की पुढे पुण्यातच काय, कोठेही तो सुधारत नाही.

कमी साधनांच्या ठिकाणी कोणता निकष आधी पाळावा, असे मला कोणी विचारले तर मी याच बरणीकडे बोट दाखवीन. मोठ्या तोंडाची बरणी, पुरेसे फॉर्मालिन आणि नमुना काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी, या तिन्हींचा खर्च नगण्य आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत ब्लॉक मिळाल्यावर तपासणी निगेटिव्ह आली आणि पुन्हा शस्त्रक्रिया होणारच असेल, तर दुसऱ्या वेळच्या नमुन्यात गाठीचा अंश सापडल्यास त्यावर तीच तपासणी पुन्हा करावी का, असे डॉक्टरांना अवश्य विचारा.

प्रश्न (पाटण तालुका, जि. सातारा) : मी आशा स्वयंसेविका आहे. तीस वर्षांवरील बायकांचा फॉर्म भरताना स्तनात गाठ आहे का, असे आम्ही विचारतो, आणि उपकेंद्रात सिस्टर हाताने तपासतात. परंतु एका शिबिरात आलेले डॉक्टर म्हणाले की, हाताने तपासून काही उपयोग नसतो, त्यापेक्षा मॅमोग्राफीची गाडी बोलवा. आम्ही एवढे डोंगर चढून जातो ते फुकटच का?

उत्तर : ताई, ते फुकट नाही, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट पाडून एक चाचणी सुरू केली. एका गटातील स्त्रियांची, शालेय शिक्षण झालेल्या आणि या कामासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत हाताने स्तनतपासणी केली. दुसऱ्या गटाला केवळ आरोग्यशिक्षण मिळाले. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरल्यास घट पंधरा टक्के दिसली, परंतु ती योगायोगाने आली नसेल असे शास्त्रीय कसोटीवर म्हणता येत नाही, आणि पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण तरुण स्त्रीला “तपासले आहे, आता काळजी नाही” असा दिलासा देणे चुकीचे ठरेल.

हात मात्र नीट चालला पाहिजे. मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या मऊ भागाने, गळपट्टीच्या हाडापासून खाली आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, शेतात सरी ओढावी तसे वरून खाली उभ्या पट्ट्यांत जायचे, आणि प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल असा तीन प्रकारचा दाब द्यायचा. चिमटीत धरून पाहिले तर प्रत्येक स्तनात गाठ असल्यासारखे वाटते. सिस्टर पाच मिनिटांत दोन्ही बाजू उरकत असतील तर त्यांच्यापुढील रांग लांब आहे, असे समजावे, आणि तपासणी अपुरी झाली, असेही समजावे.

दुसरे उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले आहे. बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, आणि ग्रामीण भागासाठी देशात सुरू झालेली ती पहिलीच. खेड्यांत डॉक्टरच नसल्याने नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन लोकांशी लक्षणांविषयी बोलायचे आणि संशयित रुग्ण पुढे पाठवायचे, अशी रीत त्यांनी घातली. त्या बोलण्यामुळे काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णा तेथे आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे नोंदवले गेले. तो आजार वेगळा असला, तरी दार वाजवून विचारणाऱ्या बाईच्या कामाचे मोल त्यातून कळते. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. फॉर्ममध्ये ‘होय’ लिहिलेल्या स्त्रीचे पुढे काय झाले, हे पंधरा दिवसांनी तिच्या घरी जाऊन विचारा, कारण फॉर्म वर गेला म्हणजे बाई दवाखान्यात गेली, असे होत नाही.

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली) : माझ्या पत्नीला शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनचे पंधरा डोस सांगितले आहेत. माझ्या मेहुणीला दहा वर्षांपूर्वी पंचवीस डोस दिले होते. सरकारी योजनेतून उपचार होत असल्याने आम्हाला कमी देतात का? उरलेले दहा डोस पैसे भरून घेता येतील का?

उत्तर : आपण पैसे भरू नयेत. ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांत, पाच आठवड्यांत पंचवीस डोस देण्याऐवजी प्रत्येक डोस थोडा वाढवून तीन आठवड्यांत पंधरा डोस दिले, तर आजार तेवढाच आटोक्यात राहतो आणि त्वचेवरील व स्तनावरील दुष्परिणाम वाढत नाहीत, हे दीर्घ पाठपुराव्यानंतर सिद्ध झाले आहे. तेथे राजा-रंक सर्वांना हीच पद्धत लागू झाली. २०२० मध्ये तर चार हजारांहून अधिक रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीने आठवडाभरात पाच डोस हाही पर्याय निवडक रुग्णांसाठी पुढे आणला. तो कोणाला योग्य हे काखेतील गाठींची स्थिती आणि शस्त्रक्रियेचा प्रकार पाहून डॉक्टरच ठरवतील.

आपल्या प्रश्नामागची शंका मात्र मी हलकी मानत नाही. स्वस्त ते कनिष्ठ, असे आयुष्यभर अनुभवलेल्या माणसाला कमी डोस म्हणजे कमी उपचार वाटणारच. परंतु या आजारात काही वेळा उलटे घडले आहे. ट्रास्टुझुमॅब हे महागडे औषध वर्षभर देण्याची प्रथा आहे. ब्रिटनमधील चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत सहा महिने देऊनही परिणाम फारसा कमी झाला नाही आणि हृदयावरील ताण कमी पडला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराची प्रथा अजून टिकून असली, तरी जिला वर्षाचा खर्च झेपत नाही तिला औषध अजिबात न देण्यापेक्षा सहा महिने देणे शहाणपणाचे, असा विचार त्यामुळे करता येऊ लागला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभे राहिलेले नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचे जाळेही आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत अत्यावश्यक, इष्टतम आणि ऐच्छिक असे वर्ग करते, ते याच विचाराने.

पंधरा डोस म्हणजे मिरजेत तीन आठवड्यांचा मुक्काम, पाच आठवड्यांचा नव्हे. पंचवीस डोस ठरलेली बाई अठराव्या डोसाला ऊस तुटायला आला म्हणून घरी परतली आणि पुन्हा आलीच नाही, असे रेडिएशनच्या रजिस्टरमध्ये मी कितीदा वाचले आहे. पत्नींचे पंधराही डोस सलग होतील एवढेच पाहा, आणि मध्ये सुटी किंवा यंत्राचा बिघाड आला तर राहिलेला डोस कधी देणार, हे त्याच दिवशी विचारून घ्या.

प्रश्न (तासगाव, जि. सांगली) : माझ्या सासूबाईंना (वय ४८) उपचारानंतर पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घ्यायला सांगितले आहे. दोन वर्षे झाली आहेत. त्या म्हणतात, “एवढ्या स्वस्त गोळीने काय होणार? अंगातून वाफा मात्र निघतात.” बंद केली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ईआर पॉझिटिव्ह गाठीसाठी ही गोळी पाच वर्षे घेतली, तर पुढील पंधरा वर्षांतील या आजाराच्या मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, आणि तिचा परिणाम गोळी थांबल्यानंतरही टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. तिची किंमत कमी आहे, कारण ती जुनी आहे. स्तनाच्या कर्करोगात एवढ्या थोड्या पैशांत एवढा लाभ देणारे दुसरे औषध मला तरी ठाऊक नाही. अंगातून वाफा निघणे हा तिचा नेहमीचा त्रास आहे. गोळी रात्री घेऊन पाहावी, आणि तरीही सहन होत नसेल तर स्वतःहून न थांबवता डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपाय असतात. मात्र नैराश्यावरील काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यास ही गोळी चालू असल्याचे आधी सांगावे. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा एका पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक पाहा. आपल्या पत्रात गोळ्या कोण आणते, हे लिहिलेले नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत घरातील सर्व जण बागेत असतात आणि महिन्याची पट्टी संपून आठ-दहा दिवस उलटलेले कोणाच्या ध्यानात येत नाही. सासूबाईंच्या जुन्या पट्ट्या मोजून पाहा. दोन वर्षांत किती गोळ्या खरोखर पोटात गेल्या हे कळेल, आणि पुढच्या तपासणीला जाताना तो आकडा डॉक्टरांना सांगा.